देणं फिटलं, हुकूम राहिला

बहारीनच्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. नवरा एका बँकेत ऑडिट बघतो. तो निघाला की मी तिथे बसते आणि मध्ययुगातल्या इंग्लंडच्या राजांचे हुकूम वाचते. काम सूची करण्याचं आहे. तिकडच्या एका प्रकाशकाला जुन्या सरकारी दफ्तरांच्या छापील सारांशांची विषयसूची हवी असते. मूळ लॅटिन मला येत नाही आणि लागतही नाही. इंग्रजी सारांश वाचायचा, नोंद कशाबद्दल आहे ते ठरवायचं आणि तिला एक शब्द लावायचा: कर्ज, मुदत, माफी, जप्ती, सुटका. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मथळे देत होते. हे काम त्याहून फार वेगळं नाही.

ही दफ्तरं म्हणजे चामड्याचे लांब पट्टे, एकाला एक शिवून गुंडाळलेले. पट्ट्याच्या पुढच्या बाजूला राजाचे हुकूम. अमुक जिल्ह्याच्या शेरीफला कळवण्यात येतं, की तमक्याची गुरं देण्यापोटी उचलली आहेत ती परत करावीत, कारण त्याला ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. पुढच्या वर्षाच्या गुंडाळीत तोच माणूस, तीच गुरं, तोच हुकूम, आणि आरंभी एक वाक्य वाढलेलं, की हे पूर्वीही कळवलं होतं. पट्ट्याच्या पाठीवर लोकांची खासगी देणी असतात. एक माणूस राजाच्या कारकुनांसमोर येऊन कबूल करतो की मी अमक्याचं इतकं देणं लागतो. दिलं नाही तर माझ्या जमिनीतून आणि सामानातून वसूल करावं. कारकून ते उतरून घेतो. पुढे पैसे दिले गेले की त्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघा ओढतात आणि बाजूला बारीक अक्षरात लिहितात की फिटलं म्हणून रद्द.

कितीतरी नोंदींवर अशा रेघा नाहीत. ती देणी बुडाली असं मी सुरुवातीला धरून चालत होते. त्यांतली काही फिटलेलीही असू शकतात, हे मला खालच्या मजल्यावरच्या चाचांमुळे कळलं.

चाचा श्रीवर्धनकडचे. आमच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. शाळांचे युनिफॉर्म, ऑफिसच्या पँटी, अल्टरेशन. माझ्या मुलीच्या युनिफॉर्मची उंची दर वर्षी तेच वाढवायचे. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिला मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. तरुणपणी बहारीनला आले ते इथेच राहिले. बायको गावी. मी ज्या काळाबद्दल लिहिते आहे तेव्हा त्यांनी कायमचं परत जायचं ठरवलं होतं. गावच्या बाजारात एक गाळा भाड्याने घेतला होता, तिथे मशीन टाकायचं होतं.

आखातातून कायमचा जाणारा माणूस आपलं घर स्वतःच्या आधी पाठवतो. कार्गोवाला येतो, मोजमाप घेतो, पुठ्ठ्याची मोठी कार्टनं आणतो आणि घर त्यांत भरलं जातं. चाचांनी मशीन पाठवलं, इस्त्री पाठवली, पलंग सुटा करून पाठवला, पडद्यांच्या काठ्यासुद्धा पाठवल्या. दुकान केरळच्या एका कारागिराला दिलं. कफीलकडून, म्हणजे ज्याच्या नावावर इथे राहण्याचा परवाना मिळतो त्या स्थानिक माणसाकडून, रेसिडन्स रद्द करून घेतला. आमच्याकडे जेवले, मुलीला एक फ्रॉक शिवून दिला, आणि नवरा त्यांना विमानतळावर सोडून आला.

त्याच दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर चाचा होते. हातात तीच बॅग, तिला चेक-इनची पट्टी तशीच.

“ताई, पाणी द्या जरा,” ते म्हणाले. “विमान गेलं. मी नाय गेलो.”

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा आयडी क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टाकला. मग त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यांच्या नावावर प्रवासबंदीचा न्यायालयीन हुकूम होता. अधिकारी सभ्य होता, असं चाचांनी दोनदा सांगितलं. त्याने त्यांना सामान परत मिळवून दिलं आणि टॅक्सी कुठे मिळेल तेही दाखवलं.

हुकूम एका पिकअपपायी होता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या एका तरुणाने जुनी गाडी हप्त्याने घेतली होती. विकणारा जवळच्याच सनाबिस भागातला एक वयस्कर बहारिनी व्यापारी. जामीन म्हणून सही चाचांची. तरुण सुट्टीवर गेला तो आलाच नाही. व्यापाऱ्याने दावा लावला, निकाल लागला, चाचांवर बंदी आली. मग चाचांनी थोडे थोडे करून सगळे पैसे फेडले, व्यापाऱ्याच्या हातात. शेवटच्या वेळी पावती घेतली. त्यानंतर बायकोच व्हिजिटवर येऊन गेली, ते स्वतः गावी गेले नव्हते. त्यामुळे बंदी अजून आहे हे कळायचं कारणच पडलं नव्हतं.

“तो पिकअपवाला कुठे असतो आता?” नवऱ्याने विचारलं.

“कतारला. ईदला मेसेज येतो त्याचा. गुलाबाचं फूल पाठवतो.”

“तुम्ही काय पाठवता?”

“मी पण फूल पाठवतो. काय करणार, गावचा आहे.”

पावती पासपोर्टच्या कव्हरमध्ये होती. रक्कम, सही, दुकानाचा शिक्का, सगळं स्पष्ट. नवऱ्याने ती हातात घेऊन पाहिली आणि तो निश्चिंत झाला. त्याच्या कामात पावती म्हणजे शेवट. दुसऱ्या दिवशी तो सुट्टी घेऊन चाचांना न्यायालयात घेऊन गेला. परत आला तेव्हा निश्चिंत नव्हता.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे बंदी ज्याच्या अर्जावरून लागली त्याने पैसे मिळाल्याचं न्यायालयाला कळवायचं होतं. पैसे न्यायालयात भरले असते तर प्रश्न आला नसता. बाहेर दिलेल्या पैशांची पावती देणेकऱ्याने दाखवून भागत नव्हतं. ज्याची सही आहे त्याने ती आपली म्हणायची होती. नियम नंतर बदलले असं ऐकते. त्या वेळी तो असा होता, आणि न्यायालयाच्या खिडकीतल्या बाईने तो शांतपणे समजावून सांगितला.

“चाचा, पैसे दिले तेव्हाच म्हणायचं ना त्यांना, की एकदा कोर्टात येऊन सांगा,” नवरा म्हणाला.

“साहेब, ज्या माणसाने समोर बसवून खजूर खायला घातला, कॉफीचा गाहवा पाजला, त्याला मी बोलू, चला आता कोर्टात?” चाचा म्हणाले. “म्हणजे माझा तुमच्यावर भरोसा नाय, असं तोंडावर सांगायचं?”

“भरोशाचा प्रश्नच नाही.”

“तुमच्या बँकेत नसेल.”

चाचा पुढे म्हणाले, “त्याने हात मिळवला, खलास बोलला. त्याच्यासाठी पण खलास, माझ्यासाठी पण. मधे कोर्ट आहे हे दोघंही विसरलो.”

मग व्यापाऱ्याला शोधायचं ठरलं. सनाबिसमधल्या त्याच्या जागेवर आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. शेजारच्या बेकरीवाल्याने सांगितलं की म्हातारा वारला, वर्ष होऊन गेलं.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आठवणीत एकाच दिवसासारखे आहेत. चाचा त्यांच्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये राहत होते; घरमालकाने नवा भाडेकरू येईपर्यंत राहू दिलं. आम्ही एक गादी आणि किटली दिली. भिंतीवर पलंगाच्या डोक्याकडची तेलकट खूण होती आणि त्या खुणेखाली जमिनीवर गादी. पडदे नसल्यामुळे त्यांनी खिडकीला वर्तमानपत्र लावलं होतं. रेसिडन्स रद्द झाला होता, त्यामुळे काम करता येत नव्हतं. बंदी होती, त्यामुळे जाता येत नव्हतं. राहण्याची तात्पुरती परवानगी मिळाली, तीही मुदतीची. नवऱ्याने ती वाढवून आणली, पुन्हा वाढवून आणली. मुलीने एकदा जेवताना विचारलं, “सो ही कान्ट स्टे अँड ही कान्ट गो?” चाचा समोरच होते. ते म्हणाले, “बरोबर बोलली. एका वाक्यात बोलली. वकील इतक्यात बोलत नाय.”

सकाळी ते रस्ता ओलांडून आपल्याच जुन्या दुकानात जाऊन बसायचे. गिऱ्हाइकांसाठी त्यांनीच कधी काळी आणलेल्या स्टुलावर, हात गुडघ्यांवर ठेवून. कात्रीला हात लावला आणि तपासणी आली तर नव्या मालकाला दंड होईल, म्हणून कात्री नाही, टेप नाही, सुईत दोरा ओवणंसुद्धा नाही. मी एकदा मुलीचा स्कर्ट घेऊन गेले. नवा मालक घडी मोडत होता. चाचांनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

“चाचा, काही बोलायचंय का?” त्याने हिंदीत विचारलं.

“काय नाय. तुझं दुकान, तुझी टीप.”

“बोला ना.”

“आत एक इंच ठेव. पोरगी वाढते. पुढच्या वर्षी कापड कुठून आणशील?”

त्याने एक इंच ठेवला. चाचांचा उजवा हात गुडघ्यावर थोडा हलला आणि थांबला.

कार्टनं मुंबईला पोचली होती. तिथला एजंट म्हणत होता की मालकाचा पासपोर्ट आल्याशिवाय, त्यावर उतरल्याचा शिक्का असल्याशिवाय कस्टम सोडणार नाही. गावचा गाळा रिकामा पडून भाडं खात होता, आणि गाळ्याचा मालक चाचांच्या बायकोला दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल सांगू लागला होता.

“बायको फोनवर काय विचारते माहितेय?” चाचा म्हणाले. “कार्टनं कधी येणार, आणि तुम्ही कधी येणार. ह्याच क्रमाने.”

मी सकाळी टेबलाशी बसत होते. कामाचा वेग कमी झाला होता, कारण पूर्वी ज्या नोंदी मी एका शब्दात उरकत होते त्या आता शेवटपर्यंत वाचत होते. राजाने एखाद्याला देणं माफ केल्याचं पत्र एका कचेरीतून निघे. वसुलीची यादी दुसऱ्या कचेरीत असे. माफीचं पत्र त्या दुसऱ्या कचेरीत जाऊन चढेपर्यंत शेरीफकडे त्या माणसाचं नाव जात राही. शेरीफ येई, गुरं हाकून नेई. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. नाव यादीत होतं. माणूस राजाकडे जाई, राजा पुन्हा हुकूम काढी.

त्या दिवसांत पाठीवरच्या देण्यांपैकी एक नोंद समोर आली. तशा अनेक आहेत. तोवर मी त्यांना फक्त कर्ज हा शब्द लावून पुढे जात होते. देणं एका धर्मगुरूला द्यायचं होतं. रेघा ओढलेल्या होत्या. बाजूच्या बारीक मजकुरात होतं की धर्मगुरू वारला, आणि त्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था बघणाऱ्याने हजर राहून पैसे मिळाल्याचं कबूल केलं. धनको मेल्याने देणेकरी अडकून राहिला नव्हता. सांगण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेला होता, आणि तो दुसरा येऊन बोलला होता.

यात शहाणपणाचं काही नाही. कोणत्याही वकिलाने हे सांगितलं असतं. पण आम्ही तिघं पावती खरी आहे हे सिद्ध करण्याच्या मागे लागलो होतो. ती खोटी आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. चाचा संध्याकाळी किटली भरायला वर आले तेव्हा मी विचारलं, “त्या म्हाताऱ्याला मुलंबाळं आहेत का?”

“मुलगा आहे. लहान असताना दुकानात यायचा. त्याची शाळेची पँट मी शिवली होती.”

“मग त्याला कोर्टात येऊन सांगता येईल.”

“त्याला काय माहीत? पैसे बापाने घेतले.”

“त्याला पाहिलेलं असायची गरज नाही. बापाच्या जागी उभं राहून बोलायचं आहे.”

चाचांनी किटली खाली ठेवली. “आणि तो बोलला, मला नाय माहीत, तर?”

मी किटली उचलून नळाखाली धरली.

मुलाचं अदलियात कॉफीचं दुकान होतं. बेकरीवाल्यानेच पत्ता दिला. आम्ही तिघं गेलो. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री दुकानातल्या नव्या मालकाने करून दिली होती. मुलगा तिशीचा, ढगळ टी-शर्टमधला. चाचा त्याच्याशी अरबीत बोलले. आधी वडिलांबद्दल, बराच वेळ. मग पँटीबद्दल काहीतरी, कारण तो हसला. मग पावती बाहेर आली आणि त्याचं हसू थांबलं. तो आमच्यासाठी इंग्रजीत बोलू लागला.

सही वडिलांचीच आहे, तो म्हणाला. पण वारसा अजून पूर्ण वाटला गेलेला नाही. तीन बहिणी आहेत. आपण एकट्याने पैसे मिळाले म्हणून सांगितलं आणि उद्या एखादी म्हणाली की तिच्या वाट्याचं काय, तर? पावतीवर शंका नाही. शंका स्वतःच्या अधिकाराची आहे.

नवरा म्हणाला, “पण पैसे तर तुमच्या वडिलांना मिळालेत.”

“मी ते नाकारत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही मला ते कोर्टात म्हणायला सांगताय. ते वेगळं आहे.”

त्याचं बरोबर होतं. चाचांनी मान हलवली. त्यांना त्याचा राग आला नव्हता. ते अरबीत काहीतरी म्हणाले. परतताना गाडीत मी विचारलं, काय म्हणालात.

“बोललो, तुझ्या बापाकडे मला एकच गोष्ट मागायची होती, लाजेने नाय मागितली. आता तुझ्याकडे मागतोय. बहिणींना विचार, घाई नको.”

“घाई नको?” नवरा म्हणाला. “परवानगी संपतेय.”

“साहेब, घाई आहे बोललो असतो तर त्याला वाटलं असतं काहीतरी काळंबेरं आहे.”

दोन बहिणी इथेच होत्या, त्यांनी होकार दिला. तिसरी नवऱ्याबरोबर परदेशात. तिच्याकडून वकीलपत्र यायचं होतं. त्याची वाट पाहण्यात परवानगीची आणखी एक मुदत गेली. चाचा स्टुलावर बसत होते. खिडकीवरचं वर्तमानपत्र पिवळं पडलं, त्यांनी बदललं. घरमालक नव्या भाडेकरूला फ्लॅट दाखवायला आला, तेव्हा चाचांनीच त्याला गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते दाखवलं. मुलाला फोन करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं. मी दोनदा करायला निघाले, दोन्ही वेळा त्यांनी मला थांबवलं. “इंशाल्ला बोललाय तो,” ते म्हणाले. “आपण पाठी लागलो तर तो पुन्हा इंशाल्लाच बोलेल, फक्त जोरात.”

एका सकाळी मुलाचाच फोन आला. कागद आला होता. नवरा कामावर होता, म्हणून मी गेले. न्यायालयातल्या खिडकीसमोर मुलगा उभा राहिला. आज अंगात पांढरा पायघोळ थोब आणि डोक्यावर गुत्र्याचं फडकं. कर्मचाऱ्याने त्याला विचारलं ते मला थोडंच कळलं. त्याने वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, वारसाचे आणि वकीलपत्राचे कागद पुढे केले, पावतीवर बोट ठेवलं आणि एक लहान वाक्य बोलला. चाचा त्याच्या मागे एक पाऊल अंतरावर उभे होते, हात पुढे बांधून. त्यांना कोणी काही विचारलं नाही. सगळ्या प्रकरणात त्यांच्याकडून कोणाला काही ऐकायचंच नव्हतं.

काम संपल्यावर मुलगा त्यांना म्हणाला, “खलास, चाचा.”

चाचा म्हणाले, “अल्ला तुझ्या तोंडात साखर घालो.”

हुकूम उठल्याचं काही दिवसांनी सरकारी वेबसाइटवर दिसलं. चाचांनी नवऱ्याला ते तीन वेगवेगळ्या फोनवर बघायला लावलं. तिकीट काढलं. परवानगीच्या शेवटच्या मुदतीचे दिवस संपण्याआधीचं मिळालं. गादी आणि किटली त्यांनी धुऊन-पुसून परत आणून दिली. विमानतळावर या वेळी मीही गेले. आम्ही काचेच्या अलीकडे थांबलो. पासपोर्टच्या रांगेत ते दिसत होते, मग एका खांबामागे गेले आणि दिसेनासे झाले. नवरा म्हणाला, निघू या. मी म्हटलं, थांबू.

फोन आला. “ताई, शिक्का मारला. पण मी अजून आतच आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा. “गेटवर बसलोय. कोणी आलं नाय अजून.”

मग विमानातून. “सीटवर बसलोय. दार उघडंच आहे.”

“चाचा, आता बंद होईल.”

“होऊ दे बंद. मग बोलतो.”

मग बोलले नाहीत, म्हणजे दार बंद झालं होतं.

दोन-तीन दिवस त्यांचा फोन आला नाही. मी टेबलावर होते तेव्हा आला. मागे माणसांचा, हातगाड्यांचा गोंगाट.

“ताई, कार्टनं सोडवायला आलोय. गाळा अजून दिलेला नाय कोणाला, बायकोने भांडून धरून ठेवलाय. इथे खिडकी आहे एक. आतला माणूस बोलतो, मालक स्वतः पाहिजे. मी बोललो, मालक स्वतः आहे.”

“मग?”

“बघतोय पासपोर्ट. पानं उलटतोय. थांबा, बोलावतायत.”

फोन बंद करायला ते विसरले. मी कानाला धरून ठेवला. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. चाचांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गाव सांगितलं. सामान काय आहे, विचारलं. “शिलाई मशीन,” चाचा म्हणाले, “इस्त्री, पलंग, पडद्याच्या काठ्या.”

“पडद्याच्या काठ्या तिकडून आणल्या?”

“लांबी बरोबर होती, साहेब.”

मग पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग शिक्का पडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा.